बस्त्यावने बदललेली पेटी

संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "निवृत्तीचा लेख आहे, जरा गोड लिहा." गोड लिहायला माझी हरकत नव्हती, पण मी निवृत्त झाले असं लिहिणं खोटं ठरेल. मला दोन वर्षांची मुदतवाढ मिळणार होती. पत्र टाईप होऊन तयार होतं. एका अर्जातला एक रकाना मी साहेबांना हवा तसा भरला नाही, म्हणून ते पत्र माझ्यापर्यंत आलंच नाही. त्या रकान्यात बस्त्याव नावाच्या माणसाचं नाव लिहायचं होतं, आणि मी ते लिहिलं असतं तर बस्त्यावची नोकरी गेली असती. त्या रकान्याची हकिगत सांगायची म्हणून हा लेख लिहिते आहे. हा माफीनामा आहे असा समज कुणी करून घेऊ नये.

आधी माझं काम सांगते, कारण ते माझ्या सख्ख्या बहिणीलाही अजून कळलेलं नाही. ती लोकांना सांगते, सुनंदा कॉम्प्युटर दुरुस्त करते. मी उभ्या आयुष्यात कॉम्प्युटरचा एक स्क्रू फिरवलेला नाही. आमची संस्था रुग्णालयं चालवते. मुख्यालय पुण्याला, कुडाळला मोठं रुग्णालय, आणि सिंधुदुर्गात गावोगाव लहान केंद्रं. या सगळ्या ठिकाणी मिळून जेवढे संगणक, प्रिंटर, सर्व्हर आणि वायरींचे डबे आहेत, त्या प्रत्येकाची एक नोंद असते. नंबर काय, कुठे ठेवलंय, कोण वापरतं, कशाला जोडलंय, आणि मुख्य म्हणजे ते आहे काय. या नोंदींच्या साठ्याला कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट डेटाबेस असं भारदस्त नाव आहे. कुडाळच्या ऑफिसात आम्ही त्याला नुसती वही म्हणायचो. मी त्या वहीची राखण करायचे.

'ते आहे काय' या रकान्याला वर्ग म्हणतात. साधा डेस्कटॉप हा एक वर्ग, सर्व्हर हा दुसरा, प्रिंटर तिसरा. बाहेरच्याला वाटेल, त्यात काय एवढं. पण बंद पडल्यावर धावत कोण येणार, रोज त्यातल्या माहितीची नक्कल काढून ठेवायची की नाही, भंगारात कधी काढायचं, हे सगळं वर्गावरून ठरतं. वर्ग चुकला की पुढचं सगळं चुकत जातं, आणि ते चुकताना कुठेही आवाज होत नाही. माझा निम्मा जन्म चुकीच्या वर्गात पडलेल्या नोंदी हुडकण्यात गेला. या कामात मी हुशार होते. नम्रपणे वगैरे सांगत नाही, होतेच.

दोडामार्गच्या केंद्रातला प्रिंटर घ्या. त्याच्या तक्रारी अकरा वेळा आल्या आणि अकरा वेळा 'ठीक आहे' असा शेरा मारून पुण्याने बंद केल्या. झालं होतं असं की पुण्याचा एक शोधक प्रोग्रॅम रोज पहाटे संगणकांच्या सगळ्या जाळ्यातून फिरून प्रत्येक यंत्राला 'तू कोण' असं विचारत असे आणि उत्तर वहीत लिहीत असे. दोडामार्गचा प्रिंटर एका लहानशा स्विचच्या, म्हणजे जाळ्याच्या वायरी एकत्र आणणाऱ्या डबीच्या, मागे जोडलेला होता. प्रिंटरला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तो स्विचच देऊन मोकळा व्हायचा. म्हणून वहीत प्रिंटरच्या नावावर स्विच असा वर्ग पडला. तक्रार गेली की ती आपोआप जाळं बघणाऱ्या लोकांकडे जायची, ते स्विच तपासायचे, स्विच ठणठणीत असायचा. बारावी तक्रार तिथल्या कंपाउंडरने लिहिली, "स्विच उत्तम आहे हे वाचून समाधान वाटले. कागद कधी छापून येतील?" ती वाचून मी दोडामार्गला गेले. नोंद दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली. पण आधीच्या अकरा तक्रारी मीही वाचल्या होत्या आणि मीही वहीवर विश्वास ठेवला होता, हे त्या कंपाउंडरला मी सांगितलं नाही.

दुसरं प्रकरण नऊ संगणकांचं. कुडाळच्या एका दुकानातून आम्ही नऊ संगणक जोडून घेतले होते. अशा जोडलेल्या संगणकांच्या पोटात अनुक्रमांकाच्या जागी कधीकधी कारखान्याचं एक ठरावीक वाक्य राहून जातं, की हा क्रमांक नंतर भरावा. तो कोणी भरत नाही. प्रोग्रॅमला नऊ ठिकाणी तेच वाक्य सापडलं आणि त्याने नऊ संगणकांची मिळून एकच नोंद केली. मग ती नोंद रोज पहाटे शेवटी जो संगणक सापडेल त्याच्याप्रमाणे बदलायची. वहीप्रमाणे हे यंत्र सोमवारी मालवणात, मंगळवारी वेंगुर्ल्यात, बुधवारी पुन्हा मालवणात. वर्गही रोज बदलायचा, कारण त्या नऊमधल्या एकावर सर्व्हरचं काम चालू होतं. पुण्याहून मला रीतसर विचारणा आली की हे यंत्र वारंवार का हलवले जाते आणि त्याच्या प्रवासास परवानगी कोणी दिली. मी उत्तर लिहिलं, "यंत्र जागचं हललेलं नाही. हलते आहे ती आपली वही."

नऊ नोंदी सुट्या करून झाल्या तरी माझी चिडचिड गेली नाही. रोज सकाळी येऊन बघावं तर कुठला ना कुठला वर्ग बदललेला. म्हणून मी वहीला एक कुलूप घातलं. माणसाने एकदा वर्ग ठरवला की प्रोग्रॅमने तो बदलायचा नाही, असा नियम मी सिंधुदुर्गातल्या सगळ्या नोंदींना लावला. दुसऱ्या दिवसापासून वही शांत झाली. पुण्याच्या बैठकीत माझं नाव घेऊन कौतुक झालं आणि मी ते मान डोलावून ऐकलं. पुढची सगळी भानगड त्या कुलपातून निघाली.

आता बस्त्याव. मालवणच्या बाजूचा, वयाने माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, वडील होड्या बांधणारे. आमच्या किनाऱ्यावरच्या तीन केंद्रांचा तंत्रज्ञ. दर वर्षी करार नवा व्हायचा, कायम असा तो कधीच झाला नाही. माणूस बोलायला फटकळ, हाताने सोन्यासारखा. ऑफिसात चारचौघांसमोर मला मॅडम म्हणायचा आणि एरवी बाय, म्हणजे ताई.

पुण्याच्या लोकांना एक गोष्ट शेवटपर्यंत पटवता आली नाही, ती म्हणजे खारी हवा. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर लोखंड टिकत नाही. खिडकीचे गज जातात, गेटच्या बिजागऱ्या जातात, फ्रिजचे पाय जातात, मग संगणकाची पत्र्याची पेटी काय टिकणार? आतला पंखा ती हवा ओढून ओढून मधल्या पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, हिरवट थर चढवतो. तीन पावसाळ्यांत धडधाकट सर्व्हर खलास. बस्त्याव पेट्यांना बाहेरून होडीचा रंग मारायचा. त्याच्या केंद्रांतले संगणक निळे आणि हिरवे असायचे. पुण्याच्या तपासनिसाने एकदा त्यावर 'अनधिकृत रंगकाम' असा शेरा मारला होता.

रंगाने भागलं नाही की बस्त्याव पेटी बदलायचा. आमच्याकडे हे सगळेच करतात, रेडिओ दुरुस्त करणाऱ्यापासून मोटारींच्या गॅरेजवाल्यापर्यंत. जे धड आहे ते काढायचं, धड असलेल्या दुसऱ्या कशात तरी घालायचं आणि चालू करायचं. सर्व्हरची मधली पाटी गेली की तो त्याच्या डिस्का काढून एखाद्या बऱ्या डेस्कटॉपमध्ये घालायचा आणि काम पुढे चालू. नंबराचा स्टिकर मात्र पेटीवर, आणि यंत्राचा अनुक्रमांक त्या पेटीतल्या पाटीवर. म्हणजे काम सर्व्हरचं आणि ओळख डेस्कटॉपची. पूर्वी असं काही केलं की तो मला फोन करायचा, "बाय, आज पेटी बदललंय," आणि मी वहीत वर्ग बदलायचे. शोधक प्रोग्रॅम आल्यावर मीच त्याला सांगितलं, आता फोन करूची गरज नाय, तो आपसूक ओळखता. हे कुलूप घालण्याच्या आधीचं. कुलूप घातल्यावर त्याला पुन्हा फोन करायला सांगायचं मी विसरले.

कुणकेश्वरच्या बाजूला आमचं एक डायलिसिस केंद्र आहे. मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं आठवड्यातून दोनदा-तीनदा तिथे येतात, चार तास पडून राहतात, यंत्र त्यांचं रक्त धुऊन परत देतं. प्रत्येकाच्या अंगातून किती पाणी काढायचं, रक्त पातळ करायचं औषध किती द्यायचं, हे त्याच्या तक्त्यावर असतं आणि तो तक्ता भेटीगणिक बदलतो. हे सगळे तक्ते केंद्रातल्या एका सर्व्हरवर होते. त्या सर्व्हरची पाटी खाऱ्या हवेने गेली तेव्हा बस्त्यावने पुण्याकडे नवा मागितला. पुण्याने सात महिने लागतील असं कळवलं. त्याने त्याच दुपारी केंद्रातल्या एका जुन्या डेस्कटॉपमध्ये डिस्का घातल्या आणि संध्याकाळच्या पाळीचे रुग्ण वेळेवर यंत्रावर गेले. मला फोन केला नाही, कारण मीच नको म्हटलं होतं. नवा सर्व्हर पुढे कधी आलाच नाही, आणि चालतंय म्हटल्यावर कोणी त्याची आठवणही केली नाही.

चौदा महिने गेले. मग पुण्याने साफसफाई काढली. पाच वर्षांवरचे सगळे डेस्कटॉप गोळा करून कोल्हापूरला भंगारवाल्याकडे पाठवायचे आणि तिथे माहिती फुटू नये म्हणून त्यांच्या डिस्कांना भोकं पाडायची. यादी वहीतून निघाली आणि तपासणीसाठी माझ्याकडे आली. मी ती तपासली. प्रत्येक नंबर वहीत बघितला, प्रत्येक जुळला, मी सही केली. वहीतून काढलेली यादी मी वहीशीच ताडून पाहिली होती. ती जुळली नसती तरच नवल. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट मी स्वतः केली नाही, याची मला आजही चीड येते.

सोमवारी सकाळी टेंपो घेऊन दोन माणसं त्या केंद्रावर गेली. केंद्राच्या अनिता सिस्टर पहिल्या पाळीच्या रुग्णांची वजनं घेत होत्या. माणसांनी शिक्क्याची यादी दाखवली, टेबलाखालच्या हिरव्या पेटीवरचा स्टिकर जुळवला, वायरी काढल्या आणि पेटी घेऊन गेली. थोड्या वेळाने सिस्टरांनी पहिला तक्ता उघडायला घेतला तर पडदा कोरा. तेवढ्यात बस्त्याव पोचला. त्याने मला फोन केला.

"बाय, सर्व्हर खंय गेलो?"

"खंयचो सर्व्हर?"

"आमचो. पेशंटांचो. टेबलाखालची जागा रिकामी आसा. टेंपोवाल्यांनी व्हरल्यानी म्हणतत सिस्टर."

मी यादी उघडली. पेटीचा नंबर तिच्यात होता. वर्ग डेस्कटॉप. खाली माझी सही.

"ह्येची नक्कल आसा मा पुण्याक?" त्याने विचारलं.

मी वहीत पाहिलं. नकला सर्व्हरच्या निघतात, डेस्कटॉपच्या निघत नाहीत. चौदा महिन्यांत एकही निघाली नव्हती. त्या माणसांचे तक्ते फक्त टेंपोत होते आणि टेंपो कोल्हापूरच्या वाटेवर होता. मी त्याला नाही एवढंच म्हणाले.

"मगे मी जातंय. तू टेंपोवाल्याचो नंबर काढ," असं म्हणून त्याने फोन ठेवला आणि मोटारसायकल काढली.

इकडे केंद्रावर सिस्टरांनी कुणालाही यंत्रावर घ्यायचं नाकारलं, आणि ते बरोबरच होतं. कागदाच्या जुन्या फायली होत्या, पण त्यांतली वजनं वर्षापूर्वीची. अंदाजाने पाणी काढलं तर माणूस तिथल्या तिथे कोसळू शकतो. एका बाईंना दम लागायला लागला, त्यांना प्राणवायू लावून कडेला बसवलं. रुग्णांत तात्या म्हणून एक म्हातारे होते, जन्म मच्छीमारीत गेलेला. त्यांनी आपलं दर वेळचं वजन घरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने लिहून ठेवलेलं निघालं. मुलाने घरी जाऊन ती भिंतीवरून काढून आणली. सिस्टरांनी डॉक्टरांशी फोनवर बोलून तात्यांना एकट्यांना यंत्रावर घेतलं. बाकीचे सात जण वाट बघत बसले.

टेंपो बस्त्यावला नांदगाव तिठ्यावर सापडला. माणसं चहा पीत होती. ड्रायव्हर कोल्हापूरचा, तो पेटी द्यायला तयार होईना. म्हणाला, "यादीवर सही हाय की." बस्त्यावने मला फोन लावला आणि तो ड्रायव्हरच्या कानाला धरला, "सही जेची आसा ती ही. बोल."

मी त्या ड्रायव्हरला सांगितलं, सही माझी आहे आणि ती चुकीची आहे. ऑफिसच्या नोकरीत हे वाक्य मी पहिल्यांदाच तोंडातून काढलं. तो म्हणाला, "ताई, दोन ओळी लिवून पाठवा, मग घेऊन जाऊ दे." मी लिहून पाठवल्या. बस्त्यावने पेटी मागच्या सीटवर होडीच्या दोरीने बांधली आणि परत फिरला.

पेटी जोडली तेव्हा पडद्यावर बराच वेळ काही येईना. सिस्टरांनी मला नंतर सांगितलं, तात्यांनी यंत्रावर आडवं असतानाच देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. "बा कुणकेश्वरा महाराजा, ह्या पेटयेत आमची सगळ्यांची वजना आसत, ती आमका परत दी रे महाराजा." खोलीतल्या सगळ्यांनी व्हय महाराजा म्हटलं, गळ्यातल्या क्रुसाला हात लावून बस्त्यावनेही म्हटलं. मग तक्ते आले. सगळे रुग्ण त्या दिवशी यंत्रावर गेले, शेवटचा माणूस रात्री उशिरा घरी पोचला. कुणाला काही झालं नाही.

चौथ्या दिवशी चौकशीचा अर्ज आला. असा अर्ज प्रत्येक घोटाळ्यानंतर भरावा लागतो. त्यात 'मूळ कारण' असा रकाना असतो आणि त्याला चारच उत्तरं असतात, वीज, यंत्रदोष, बाहेरचा पुरवठादार किंवा मानवी चूक. मानवी चूक निवडली की पुढे त्या माणसाचं नाव लिहावंच लागतं, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. माझ्याकडे आलेल्या अर्जात मानवी चूक आधीच निवडलेली होती आणि नावाच्या जागी बस्त्यावचं नाव होतं. कारण, परवानगीशिवाय यंत्रात फेरफार आणि नोंद न देणे. खाली वहीची राखणदार म्हणून माझी सही हवी होती. सही झाली की त्याचा करार तिथेच रद्द होणार होता.

पुण्यातल्या आमच्या विभागप्रमुख साहेबांनी मला फोन केला. ते माझ्याहून वयाने लहान, बोलायला गोड. म्हणाले, "मॅडम, त्याने डेस्कटॉपमध्ये सर्व्हर घातला आणि कुणाला सांगितलं नाही. हे तर खरं आहे ना?"

मी म्हटलं, "अर्धं खरं आहे."

"अर्ध्यावर भागेल आपलं. तुमची मुदतवाढ माझ्या टेबलावर आहे. आपण दोघंही समजूतदार आहोत."

मी फोन ठेवला आणि वहीतली एक यादी उघडली जी मी चौदा महिन्यांत उघडली नव्हती. प्रोग्रॅमने सुचवलेले पण कुलपामुळे नाकारले गेलेले बदल त्या यादीत साठतात. बस्त्यावने पेटी बदलली त्याच्या दुसऱ्या पहाटे प्रोग्रॅमने लिहिलं होतं, हे यंत्र सर्व्हर आहे. पुढे, बदल नाकारला. पुढे, कुलूप कोणी घातलं त्याचं नाव, सुनंदा. तिसऱ्या पहाटे तेच. चौथ्या पहाटे तेच. चौदा महिने एकही दिवस न चुकता ते यंत्र खरं सांगत होतं आणि माझ्या नावाने ते खोटं पाडलं जात होतं. मी खालपर्यंत वाचत गेले. मला लाज वाटली, इतकी की शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे बघवेना. आणि लाज ओसरल्यावर राग आला. ही यादी पुण्यालाही दिसत होती. ती बघायचं त्यांचंही काम होतं. खापर फोडायला मात्र त्यांना किनाऱ्यावरचा माणूस सापडला.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रावर जाऊन बस्त्यावला साहेबांचं सगळं बोलणं सांगितलं, आणि मी त्या रकान्यात माझं नाव लिहिणार आहे हेही. मला वाटलं होतं त्याला बरं वाटेल. तो भडकला.

"तू कित्याक मधी पडतस? तुजी वाढ जायत."

"जाऊंदे. चूक माजी आसा."

"असात तुजी, ता तुज्या वहीचा. पण माजा काय? तू तुजा नाव घातलंस म्हणून माजी नोकरी रवात, पण लोक म्हणतले बस्त्यावान कायतरी लफडा केल्यान आणि बायन पांघरूण घातल्यान. मी लफडा नाय केलंय. मी सर्व्हर चालू ठेवलंय. पुण्यासून येवंक सात म्हयने लागतत म्हणाले, तेवडे म्हयने ह्या लोकांनी काय करूचा होता?"

तो पुढे म्हणाला, "माका वाचवू नको. मी केलंय ता बरा केलंय, तसा लिवूक जमत असात तर लिव."

त्याचं म्हणणं मला तिथेच पटलं. दया दाखवायला गेलेली मी आणि त्याला दया नको होती. त्याला आपल्या कामाची खरी नोंद हवी होती, आणि ती देणं हा तर माझाच धंदा.

मी अर्ज भरला. मानवी चूक, नाव माझं. सोबत नाकारलेल्या बदलांची सगळी यादी जोडली, तारखांसकट. खाली तपशिलाच्या जागी बस्त्यावने काय केलं ते दोन वाक्यांत लिहिलं. साहेबांनी अर्ज परत पाठवला, नावाची जागा रिकामी करून. मी पुन्हा भरला. पुन्हा परत आला, आणि या वेळी बैठकीचं बोलावणं घेऊन आला.

बैठक पडद्यावर झाली. पुण्याकडून साहेब होते आणि संस्थेचे मुख्य डॉक्टर होते, वयस्कर गृहस्थ, त्यांना वहीतलं काही कळत नव्हतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. साहेबांनी फेरफार, शिस्त, पायंडा असे शब्द वापरले. मी यादी पडद्यावर लावली आणि सावकाश खाली सरकवत राहिले. साहेब दोनदा "कळलं, मॅडम" म्हणाले तरी मी थांबले नाही. चौदा महिने सरकायला वेळ लागतो आणि मला तो सगळा वेळ त्यांना द्यायचा होता.

डॉक्टर म्हणाले, "ते यंत्र आत्ता कुठे आहे?"

मी म्हटलं, "तिथेच, सर. त्याच पेटीत. या क्षणाला त्याच्यावर सहा रुग्णांचे तक्ते चालू आहेत. वर्ग मी बदललाय आणि रोजची नक्कल सुरू केलीय."

"आणि नवीन सर्व्हर?"

"मागणी अजून आपल्याकडेच पडून आहे, सर."

डॉक्टरांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "म्हणजे मॅडम, मानवी चूक तुमची, असं तुम्ही लेखी देताय?"

"दोनदा दिलंय," मी म्हटलं. "पण कुलूप माझं असलं तरी यादी आपण दोघांनी वाचली नाही. रकान्यात एकच नाव मावतं, म्हणून माझं लिहिलं."

बस्त्यावचा करार त्याच महिन्यात नवा झाला. कुलपाचा नियम मी स्वतः काढून टाकला, आणि नाकारलेल्या बदलांची यादी रोज सकाळी कुणीतरी वाचायची असा नियम माझ्या जागी आलेल्या मुलीला लावून दिला. ती वाचते, मला माहीत आहे, कारण अडलं की अजून फोन करते. माझी मुदतवाढ काही आली नाही. निरोप समारंभात साहेबांनी पुण्याहून पुष्पगुच्छ पाठवला. मी तो स्वागतकक्षात ठेवून घरी आले.

मुदतवाढीचं मला फार दुःख नाही. थोडं आहे, ते आहे म्हणून सांगते. मला ते काम आवडायचं आणि अजून दोन वर्षं मी ते चांगलं केलं असतं. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. चौकशीचा अहवाल शेवटी छापून सगळ्या केंद्रांना गेला तेव्हा त्यात माझं नाव होतं, चूक होती, कुलूप होतं, सगळं होतं. तपशिलातली बस्त्यावबद्दलची दोन वाक्यं तेवढी कापली होती. मी विचारलं तर 'विषयाशी थेट संबंध नाही' असं उत्तर आलं. बस्त्यावने अहवाल वाचला, घडी घातली आणि मला एवढंच म्हणाला, "माजा खंय आसा ह्येच्यात?"

म्हणून संपादकबाईंना मी हो म्हटलं. कापलेली वाक्यं खाली देते, अर्जात लिहिली होती तशीच, आणि ती एका अक्षरानेही बदलू नयेत अशी अट घालून.

'बस्त्याव यांनी त्या दिवशी पेटी बदलली नसती तर हे केंद्र सात महिने किंवा अधिक काळ बंद राहिले असते. त्यांनी केलेले काम बरोबर होते.'